पंप, पाइप आणि घड्याळ

कॉलेजच्या अंकात ‘हृदय’ हा शब्द आला की पुढे कविता येणार हे ठरलेलंच! पण हा लेख प्रेमाबद्दल नाही. हा लेख एका पंपाबद्दल आहे. वजन साधारण ३०० ग्रॅम, मिनिटाला सुमारे ७० ठोके, मिनिटाला ५ लिटर रक्त, दिवसाला लाखभर ठोके. वॉरंटी नाही, स्पेअर पार्ट सहजासहजी मिळत नाही, आणि मेंटेनन्ससाठी एक मिनिटही शटडाऊन घेता येत नाही. आपल्या लॅबमधला सेंट्रिफ्यूगल पंप एका सेमिस्टरमध्ये चार वेळा बंद पडतो (आणि बंद पडला की आपल्याला मनापासून आनंद होतो). हा पंप मात्र सत्तर-ऐंशी वर्षं न थांबता चालतो.

मी टी.ई. इन्स्ट्रुमेंटेशनची. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे शरीरशास्त्र डोक्यात इंग्रजीत बसलेलं. या लेखातले ‘धमनी’, ‘झडप’, ‘गुठळी’ हे शब्द मी गावातल्या मराठी शाळेच्या बाईंकडून मागून आणलेत. गाव जासई, तालुका उरण. कुणी दि. बा. पाटील साहेबांचं गाव म्हणून ओळखतं, कुणी न्हावा-शेवाला जाणाऱ्या कंटेनरच्या रांगांमुळे. हृदयविकाराचं निदान आणि उपचार गेल्या काही वर्षांत किती पुढे गेलेत हे मी सांगणार आहे. आणि एवढं सगळं पुढे जाऊनही माणूस नेमका कुठे अडकतो, तेही सांगणार आहे, कारण ते मी घरात पाहिलंय.

पाइप तुंबतो म्हणजे काय होतं?

पंप सगळ्या शरीराला रक्त पुरवतो, पण त्याला स्वतःलाही इंधन लागतं. ते त्याला पोटातल्या रक्तातून मिळत नाही, तर बाहेरून वेढलेल्या बारीक धमन्यांतून मिळतं. या धमन्यांचा व्यास जेमतेम ३-४ मिलिमीटर, म्हणजे आपल्या बॉलपेनच्या रिफिलएवढा. तिच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो. बरेच दिवस काहीही कळत नाही. मग एखाद्या दिवशी त्या थराचं पातळ आवरण फाटतं. शरीराला वाटतं जखम झाली, म्हणून तिथे रक्ताची गुठळी तयार होते आणि पाइप बंद होतो. याला हार्ट अ‍ॅटॅक म्हणतात.

इथे एक फरक पक्का लक्षात ठेवा. हार्ट अ‍ॅटॅक हा पाइपचा बिघाड आहे. पंप चालू असतो, माणूस बोलत असतो. कार्डिअ‍ॅक अरेस्ट हा वायरिंगचा बिघाड आहे. ठोक्यांची लय बिघडते, पंप रक्त ढकलत नाही आणि माणूस कोसळतो. पहिल्यातून दुसरा कधीही होऊ शकतो, म्हणूनच पहिल्याला हलकं घ्यायचं नाही.

धमनी बंद झाली की अर्ध्या तासाच्या आतबाहेर तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मरायला लागतो. एकदम नाही, आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे, तासातासाने. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही, तिथे नुसता व्रण राहतो. पहिल्या तासात पाइप उघडला तर नुकसान फार थोडं होतं, सहा तासांनी उघडला तर बरंचसं होऊन गेलेलं असतं. पुढचं सगळं वाचताना हे घड्याळ मनात चालू ठेवा.

निदान : मिठाच्या पाण्यापासून मोबाइलपर्यंत

ई.सी.जी. हे आपल्या ब्रँचचं लाडकं उदाहरण. हॉलंडमधल्या लायडन गावात विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तारेचा गॅल्व्हानोमीटर वापरून हृदयाचा विद्युत आलेख काढला. ते यंत्र सुमारे २७० किलोचं होतं, चालवायला पाच माणसं लागत आणि पेशंटला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे! गंमत पुढेच आहे. यंत्र इतकं अवजड की ते दवाखान्यात नेणं अशक्य. मग १९०५ साली त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातल्या पेशंटचा सिग्नल टेलिफोनच्या तारेतून प्रयोगशाळेत आणला. म्हणजे टेलिमेडिसिन ही कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची! १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं.

आज तोच आलेख तळहाताएवढ्या यंत्रात निघतो. सिग्नल जेमतेम एक मिलिव्होल्टचा आणि त्यावर भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण चढलेली. ती काढायला नॉच फिल्टर लावताना आपल्यापैकी किती जणांनी लॅबमध्ये जीव टाकलाय ते आपल्यालाच ठाऊक. आलेखातला ‘एसटी’ नावाचा सपाट भाग वर उचललेला दिसला तर बहुधा मोठी धमनी पूर्ण बंद झालेली असते. या प्रकाराला डॉक्टर ‘स्टेमी’ म्हणतात. हा आलेख आता गावातल्या दवाखान्यात काढून नेटवरून शहरात पाठवता येतो. तिथे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम आणि हृदयतज्ज्ञ मिळून काही मिनिटांत उत्तर देतात. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने ‘स्टेमी महाराष्ट्र’ या नावाने याच पद्धतीचा प्रकल्प हाती घेतला : छोटं रुग्णालय आलेख काढणार, मोठं रुग्णालय पुढचं बघणार.

पण प्रत्येक अ‍ॅटॅक ई.सी.जी.मध्ये दिसतोच असं नाही. तिथे रक्ताची तपासणी कामी येते. स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. जुन्या तपासण्यांना त्याची चाहूल लागायला बरेच तास जायचे. आताच्या अतिसंवेदनशील तपासणीत एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम इतकं प्रमाणही पकडता येतं. त्यामुळे एक ते तीन तासांच्या अंतराने दोन नमुने तपासले की बहुतेकांच्या बाबतीत हो-नाही ठरतं.

तिसरं साधन टूडी एको. यात बंदराच्या गावच्या लोकांना आवडेल अशी गोष्ट आहे. १९५३ साली स्वीडनमधले डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांना धडधडतं हृदय आवाजाच्या लहरींनी बघायचं होतं. हर्ट्झना यंत्र सापडलं कुठे, तर माल्मो शहराच्या जहाजबांधणी कारखान्यात! तिथे अल्ट्रासाउंडने लोखंडातले तडे शोधत असत. जहाजासाठीचं यंत्र माणसाच्या छातीवर लावलं आणि एकोकार्डिओग्राफी जन्माला आली. आज एकोमुळे झडपा नीट मिटतात का आणि पंप किती टक्के जोर लावतो हे पंधरा मिनिटांत कळतं.

आणि सगळ्यात नवीन म्हणजे सी.टी. अँजिओग्राफी. हाताच्या शिरेतून रंगद्रव्य द्यायचं आणि दोन ठोक्यांमधल्या क्षणात धमन्यांचा त्रिमित फोटो काढायचा. त्याच्या पुढची पायरी तर फ्लुइड मेकॅनिक्सला कंटाळलेल्यांनी मुद्दाम वाचावी. त्या फोटोतल्या धमनीत रक्ताचा दाब अडथळ्यापुढे किती पडतो हे नेव्हिअर-स्टोक्सची समीकरणं सोडवून कॉम्प्युटर सांगतो! अमेरिकेत २०१४ साली या पद्धतीला मान्यता मिळाली. फायदा काय? ‘७० टक्के ब्लॉकेज’ हा आकडा ऐकून आपण घाबरतो, पण तो अडथळा प्रत्यक्षात प्रवाह किती अडवतोय हे महत्त्वाचं. आकुंचन सारखंच दिसलं तरी एकाला स्टेंट लागतो, दुसऱ्याला गोळ्या पुरतात.

उपचार : एका वेड्यापासून सुरुवात

१९२९ साली जर्मनीत एबर्सवाल्डे इथे वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला शिकाऊ डॉक्टर होता. हृदयापर्यंत नळी नेता येते असं त्याला वाटायचं. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. तेव्हा त्याने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी आत सरकवली आणि तशीच लोंबत ठेवून एक्स-रे विभागात चालत जाऊन फोटो काढला. नळीचं टोक हृदयात! नोकरीत बोलणी खाल्ली आणि १९५६ साली नोबेल घेतलं. (व्हायव्हाला घाबरणाऱ्यांनी याचा फोटो टेबलावर लावावा. प्रयोग मात्र करू नये.)

नळी आत जाते म्हटल्यावर तिच्या टोकाला फुगा का नको? आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून असे फुगे तयार केले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये जागत्या माणसाच्या हृदयधमनीत पहिला फुगा फुगवला. हीच अँजिओप्लास्टी. पण फुगा काढला की काही धमन्या पुन्हा मिटायच्या. म्हणून १९८६ साली धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, आत बसवायला सुरुवात झाली. मग नवा त्रास : जाळीतून पेशी वाढून दर चार-पाच पेशंटमागे एकाची धमनी पुन्हा अरुंद व्हायची. उपाय सापडला तो पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटाच्या मातीत. त्या मातीतल्या जिवाणूपासून सिरोलिमस नावाचं औषध मिळालं. त्यावर वर्षानुवर्षं चिकाटीने काम केलं ते सुरेन सेहगल या मूळच्या भारतीय शास्त्रज्ञाने. हे औषध लावलेले स्टेंट २००२-०३ पासून बाजारात आले आणि पुन्हा तुंबण्याचं प्रमाण खूप खाली आलं. आजच्या स्टेंटच्या तारा ६० ते ८० मायक्रॉन जाडीच्या, म्हणजे जवळपास आपल्या केसाएवढ्या. नळीही आता बहुतेक वेळा जांघेऐवजी मनगटातून घालतात, त्यामुळे पेशंट त्याच दिवशी उठून बसतो.

किमतीचंही बोलू. औषधी स्टेंट भारतात लाखाच्या पुढे विकले जात होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कमाल किंमत बांधून दिली : साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधी स्टेंट २९,६०० रुपये. त्यानंतर महागाई निर्देशांकाप्रमाणे त्यात थोडी थोडी वाढ झाली, पण लाखाचे दिवस गेले. शिवाय २०१२ मध्ये महाराष्ट्रात जी जीवनदायी योजना आधी फक्त आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही त्यात बसतात. हे गावात अजून पुष्कळांना माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

झडपांचंही तसंच. पूर्वी खराब झडप बदलायची तर छाती उघडावी लागायची. २००२ साली फ्रान्समधल्या रुआँ इथे आलँ क्रिबिए यांनी नळीतूनच नवी झडप नेऊन बसवली. ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही अशा आजी-आजोबांसाठी ही मोठीच सोय. आणि छाती उघडून बसवायच्या झडपेत आपला देश मागे नाही. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या इंजिनिअर सहकाऱ्यांनी आधीचे नमुने फसल्यावरही न थांबता स्वदेशी झडप बनवली. ती पहिल्यांदा बसवली डिसेंबर १९९० मध्ये. मटेरियल सायन्सचा पेपर कशाला असतो, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर!

केईएमचं १९६८ आणि मुलुंडचं २०१५

पंपच गेला तर? मग पंप बदलायचा. केपटाउनमध्ये डिसेंबर १९६७ मध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदयप्रत्यारोपण केलं. आणि जेमतेम अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी तेच धाडस केलं. पेशंट काही तासच जगला. हात कमी पडले नव्हते. परकं हृदय शरीराने नाकारू नये यासाठीचं चांगलं औषध तेव्हा नव्हतं, आणि मेंदू मृत झालेल्या माणसाचं धडधडतं हृदय घेता येईल असा कायदाही नव्हता. सायक्लोस्पोरिन हे औषध १९८० च्या दशकात आलं, अवयवदानाचा कायदा १९९४ मध्ये झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं.

मुंबईला मात्र ऑगस्ट २०१५ पर्यंत थांबावं लागलं. पुण्यातल्या एका दात्या स्त्रीचं हृदय विमानाने मुंबईत आणि तिथून पोलिसांनी मोकळ्या केलेल्या रस्त्याने मुलुंडला आणलं गेलं आणि डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने ते एका तरुणाला बसवलं. बर्फात ठेवलेलं हृदय साधारण चार तासांच्या आत नव्या छातीत धडधडायला लागावं लागतं. म्हणजे १९६८ ते २०१५ या ४७ वर्षांत सर्जरी सुधारली, औषध आलं, कायदा आला. पण शेवटी विमानतळ, ट्रॅफिक पोलीस, सिग्नल आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर यांनी मिळून घड्याळ जिंकलं तेव्हाच काम झालं.

आमच्या घरची गोष्ट

आता जे सांगणार आहे ते कुठल्याही पुस्तकात नाही. माझे मोठे काका. वय ५२, कंटेनरचा ट्रेलर चालवायचे. सिगारेट नाही, पण मशेरी आणि तंबाखू लहानपणापासून. मागच्या वर्षी मे महिन्यात चुलतभावाची हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे काय असतं ते आगरी मित्रांना विचारा : बँजो, नाच, मटण, पहाटेपर्यंत जाग. रात्री साडेअकराच्या सुमारास काका बाजूला जाऊन बसले. छातीवर दगड ठेवल्यासारखं जड, मे महिन्याच्या मानानेही जास्त घाम, जबडा दुखतोय. विचारलं तर म्हणाले, “कय नाय गो, गॅस झायलाय.” आजीने ओवा दिला. कुणी सोडा आणला. कुणी पाठ चोळली. लग्नघरात दवाखान्याचं नाव काढू नये असंही कुणी म्हणालं. काका अंथरुणावर कुशी बदलत राहिले.

पहाटे साडेपाचला अ‍ॅम्ब्युलन्स आली. त्यानंतर सगळं कसं व्हावं तसं झालं. दारात दहा मिनिटांच्या आत ई.सी.जी., लगेच कॅथलॅब, मनगटातून नळी, हृदयाच्या पुढच्या भागाची मुख्य धमनी पूर्ण बंद, एक औषधी स्टेंट. दारात शिरल्यापासून फुगा फुगेपर्यंत ७० मिनिटं. ९० च्या आत झालं तर उत्तम मानतात. डॉक्टरांनी बाबांना स्क्रीनवर दाखवलं : आधी तुटलेली रेघ, नंतर झाडाच्या फांदीसारखी भरलेली धमनी. बाबा हात जोडून उभे राहिले.

दोन दिवसांनी एको केला. पंपाचा जोर मोजतात त्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. निरोगी माणसात ५५ च्या वर असतो. काकांचा ३५. डॉक्टर म्हणाले, “काम छान झालंय, पण स्नायू आधीच गेला होता.”

काका आहेत, हे फार मोठं आहे. रोज गोळ्यांची डबी उघडतात. त्यात एक गोळी मुळात डायबेटिसची आहे! डापाग्लिफ्लोझिन नावाचं हे औषध थकलेल्या हृदयालाही आधार देतं, डायबेटिस नसला तरी, हे २०१९ मध्ये मोठ्या अभ्यासातून दिसलं. पण ट्रेलर सुटला. घराचा जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबतात आणि फोन बघत असल्याचं दाखवतात. आम्हीही खरं मानल्याचं दाखवतो.

आपण इंजिनिअर आहोत, तेव्हा हिशोब मांडू. रुग्णालयातली ७० मिनिटं. प्रवासाची साधारण ४० मिनिटं. आणि घरातले ६ तास. प्रॉडक्शनच्या पेपरात आपण लिहितो की पूर्ण लाइनचा वेग सगळ्यात मंद स्टेशनवर ठरतो. स्टेंट ८० मायक्रॉनचा ६० मायक्रॉन झाला, ट्रोपोनिन नॅनोग्रॅममध्ये कळलं, ई.सी.जी. उपग्रहावरून गेला, तरी आमचं मंद स्टेशन ओव्याच्या डबीपाशी होतं. तिथे कुठलंही संशोधन पोहोचलं नव्हतं.

जासई ते कॅथलॅब

हा वेळ रस्त्यामुळे गेला असं म्हणावं, तर तेही नाही. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते चिर्ले हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला. जासईजवळच त्यावर चढता-उतरता येतं. पूर्वी परळच्या मोठ्या रुग्णालयांत जायचं तर वाशीची खाडी, चेंबूर, सायन असं दीड-दोन तासांचं दिव्य होतं. आता शिवडी अर्ध्या तासाच्या आत येते. त्या हळदीच्या रात्री आमच्या गच्चीवरून पुलाचे दिवे दिसत होते.

दोन सूचना मात्र हव्यात. एक, या पुलावर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत. शिवाय छातीत दुखणाऱ्याला बाइकवर मध्ये बसवून नेणं कुठल्याही रस्त्यावर चुकीचंच. दोन, पूल आहे म्हणून दर वेळी मुंबईच गाठायची असंही नाही. चोवीस तास अँजिओप्लास्टी होणारं जे रुग्णालय सर्वांत जवळ, ते योग्य. उरण-पनवेल-नेरूळ पट्ट्यात राहणाऱ्यांनी ते कोणतं हे आधीच शोधून ठेवावं, रात्री बारा वाजता नाही. आणि दोन तासांच्या आत कॅथलॅब गाठणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. टेनेक्टेप्लेज हे नवं औषध वजनाप्रमाणे एकाच वेळी शिरेतून देतात. छोट्या रुग्णालयातही ते देता येतं आणि मग पेशंटला पुढे नेऊन अँजिओग्राफी करतात. दूरच्या गावांसाठी मला वाटतं हाच सगळ्यात मोठा बदल आहे. पण इंजेक्शनचं घड्याळही तेच. पहिल्या दोन-तीन तासांत दिलं तर गुण सर्वांत जास्त.

आपल्या होस्टेलसाठी

“आपण विशीतले, आपल्याला काय!” असं कुणी म्हणेल. ५२ देशांत झालेला ‘इंटरहार्ट’ नावाचा मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण आशियाई लोकांना पहिला अ‍ॅटॅक येण्याचं मधलं वय ५३ निघालं, इतर देशांपेक्षा काही वर्षं आधी. आता मेसमधले काका, वॉचमन, वर्कशॉपचे सर, रेक्टर सर यांची वयं आठवा. आपल्या वडिलांचं वय आठवा. रात्री दोन वाजता त्यांच्या जवळ जागा असलेला माणूस बहुधा आपल्यापैकीच कुणीतरी असणार, कारण आपण झोपतोच कधी!

तेव्हा एवढं पाठ करा :

१. छातीत दाब, जडपणा, आवळल्यासारखं, सोबत घाम, दम, डावा हात, जबडा किंवा पाठ दुखणं. दहा मिनिटांत थांबलं नाही तर तो हार्ट अ‍ॅटॅकच समजा. गॅस ठरवायचा अधिकार ई.सी.जी.चा, आपला नाही. बायकांना आणि डायबेटिस असणाऱ्यांना छातीत न दुखता नुसता दम, मळमळ किंवा विलक्षण थकवाही येऊ शकतो.

२. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि मोफत आहे. पत्ता सांगताना जवळची खूण सांगा आणि एकाला गेटवर उभं करा.

३. पेशंटला बसवून ठेवा. जिना उतरू देऊ नका, खुर्चीतून उचला. गाडी त्याला स्वतःला चालवू देऊ नका.

४. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल आणि फोनवरच्या डॉक्टरांनी सांगितलं तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या. शेजाऱ्यांची जिभेखालची गोळी आपल्या मनाने देऊ नका, रक्तदाब धाडकन उतरू शकतो.

५. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, नीट श्वास नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाबा : मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. थांबू नका. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. शॉक देणारं ए.ई.डी. यंत्र जवळपास असेल तर मागवा. ते चालू केलं की काय करायचं ते स्वतःच बोलून सांगतं.

६. रुग्णालयात पोहोचल्यावर पहिलं वाक्य : “छातीत दुखतंय, अमुक वाजता सुरू झालं.” वेळ सांगायला विसरू नका.

माझी दोन मागण्यांची छोटी यादीही आहे. एक, दर वर्षी पहिल्या सेमिस्टरला आपल्या ऑडिटोरियममध्ये छाती दाबण्याचं प्रशिक्षण व्हावं, मुलांसाठी आणि स्टाफसाठी एकत्र. टेक-फेस्टला रोबो लढवायला आपण दोन दिवस देतो, याला दोन तास पुरे. दोन, होस्टेलच्या नोटीस बोर्डावर मेसच्या बिलाशेजारी चोवीस तास कॅथलॅब असलेल्या जवळच्या रुग्णालयाचं नाव आणि फोन नंबर ठळक अक्षरांत लागावा.

यंत्रं चांगली झाली आहेत, आणखी चांगली होतील. आपल्यातलेच काही जण ती बनवतील. पण घरापासून दारापर्यंतचा वेळ कमी करणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही आणि बनवावंही लागणार नाही. ते काम बोलून होतं. आज रात्री जेवण झालं की घरी फोन लावाल, तेव्हा ‘जेवलास का, जेवलीस का’ झाल्यावर एवढं एक सांगा : “बाबा, छातीत जड वाटलं आणि दहा मिनिटांत थांबलं नाही, तर ओवा नाही. ई.सी.जी.” ते हसतील. हसू द्या. दुसऱ्यांदा पण सांगा.